बिल आम्ही भरतो, नफा नेमका कुणाच्या खिशात जातो?

खानावळ, औसा रोड, लातूर | जून २०२४

नमस्कार मंडळी. आमचं घर लातूरला औसा रोडच्या बाजूला आहे. खाली आम्ही राहतो, वर तीन खोल्यांत नीटची तयारी करणाऱ्या सहा मुली ठेवल्यात. जेवण आमच्याकडंच. सगळ्या घराला मीटर एकच, माझ्या सासऱ्यांच्या नावावरचं.

मे महिन्याचं बिल आलंय ४२० युनिटचं. रक्कम साडेपाच हजाराच्या वर. वर तीन कूलर आहेत, ते रात्रभर चालतात. पोरी दोन-दोन वाजेपर्यंत अभ्यास करतात, त्यांना कूलर बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बोअरची मोटर वेगळीच. नळाला पाणी रोज येत नाही, मग वरची टाकी बोअरनंच भरायची.

मुलींचे वडील शेतकरी. परवा एकजण अहमदपूरकडून आले होते. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं, महिन्याला दोनशे कमी करता का म्हणाले. मला नाही म्हणवलं नाही. पण बिल हातात घेऊन बसले तर ते दोनशे कुठून काढू ते कळेना. जेवणात हात आखडायचा नाही, ते माझ्याच्यानं होणार नाही.

टीव्हीवर रोज ऐकते, वीज कंपन्या खाजगी झाल्या, त्यांचे नफे वाढले. आमचं बिल तर महावितरणचं येतं आणि ती सरकारी आहे म्हणतात. मग नफा कोण कमावतंय? बिलात तो कुठं दिसतो? आणि आता स्मार्ट मीटर येणार, तेही प्रीपेड, म्हणजे आधी पैसे भरा मग वीज, म्हणून गल्लीत सगळे घाबरलेत. कुणी जाणकार असेल तर नीट फोड करून सांगा. मी बारावीपर्यंत शिकलेय, हिशोब मला कळतो.

---

निवृत्त लेखापाल, नांदेड

ताई, माझी नोकरी वीज मंडळात सुरू झाली आणि महावितरणमध्ये संपली. जन्म बिलांतच गेला. बिल समोर धरा.

१ एप्रिल २०२४ पासूनच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५. प्रत्येक युनिटवर वहन आकार १.१७. म्हणजे तुम्हाला ५.८८, मग ११.४६, मग १५.७२ रुपयांनी युनिट पडलं. तुमचे पहिले शंभर ५८८ रुपयांचे, पुढचे दोनशे २,२९२ चे आणि शेवटचे १२० तब्बल १,८८६ चे. स्थिर आकार १२८. झाले ४,८९४. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, ७८३ रुपये. एकूण ५,६७७. इंधन समायोजन आकार, म्हणजे इंधन महागल्याचा जादा आकार, असेल तर तो वेगळा.

या कागदावर ‘नफा’ नावाची ओळ नाही आणि कधी असणारही नाही. वीज शुल्क कंपनीकडं राहतच नाही, ते राज्य सरकारच्या तिजोरीत जातं. स्थिर आकार आणि वहन आकार तारा, रोहित्रं, पगार, कर्जाचे हप्ते यांसाठी. सगळ्यात मोठा भाग वीज आकाराचा आणि त्या पैशातून महावितरण वीज विकत घेते. राज्याच्या महानिर्मितीकडून, केंद्र सरकारच्या एनटीपीसीकडून आणि खाजगी वीज केंद्रांकडून. गोंदियाजवळ तिरोड्याला अदानींचं ३,३०० मेगावॉटचं केंद्र आहे, अमरावतीजवळ रतन इंडियाचं, जयगडला जेएसडब्ल्यूचं. नफा तिथं बसलेला असतो. तुमच्यापर्यंत तो ‘वीजखरेदी खर्च’ बनूनच पोचतो.

आणि हा नफा बेकायदा नाही, हे समजून घ्या. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांत औष्णिक केंद्राच्या भागभांडवलावर, म्हणजे मालकानं घातलेल्या पैशावर, साडेपंधरा टक्के परतावा दरातच धरून दिलाय. बोली लावून जे करार झाले, त्यांत दर बोलीतला. पण त्यातही ‘कायद्यात बदल झाला’ म्हणून भरपाई मागता येते. कोळशाचं सरकारी धोरण बदललं, ठरलेला कोळसा मिळाला नाही, बाहेरून महाग घ्यावा लागला, म्हणून तिरोड्याच्या कंपनीनं भरपाई मागितली. महावितरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि २०२३ मध्ये हरली. अशी रक्कम शेवटी दरात येते. धंद्यातली जोखीम ग्राहकानं उचलायची आणि परतावा कंपनीचा. मला राग आहे तो या रचनेवर.

दाभोळला हेच झालं होतं. अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी करार डिसेंबर १९९३ चा, वीज आली १९९९ ला, आणि ती इतकी महाग पडली की २००१ ला मंडळानं घेणंच थांबवलं. तेव्हापासून मी एकच शिकलो, दर बघण्याआधी करार बघायचा.

---

परळीकर

लेखापाल साहेबांनी बरोबर सांगितलं. फक्त एक गोष्ट राहिली, ती मी सांगतो, कारण आमच्या गावानं ती भोगलीय.

वीज केंद्राला पैसे दोन भागांत मिळतात. एक स्थिर, केंद्र उभं आणि तयार ठेवल्याबद्दल. दुसरा चल, कोळसा जाळला तेवढ्याचा. वीज घ्या नाहीतर नका घेऊ, स्थिर भाग द्यावाच लागतो. लग्न मोडलं तरी मंगल कार्यालयाचं भाडं सुटत नाही, तसं. आता नवी मुंबईहून रोज कोणतं केंद्र चालवायचं ते ठरतं आणि ज्याचा चल खर्च कमी त्याला आधी नंबर. आमच्या परळीच्या वीज केंद्राचा कोळसा लांबून रेल्वेनं येतो, म्हणून महाग. मागणी जरा उतरली की पहिला संच आमचा बंद. २०१५ च्या दुष्काळात तर पाणीच नव्हतं म्हणून सगळं केंद्र बंद पडलं होतं.

संच बंद झाला की कायम नोकरीवाल्यांचा पगार चालू राहतो, पण कंत्राटी माणसाची हजेरी जाते. राख वाहणारे टिप्पर गेटजवळ रांगेत उभे राहतात, ड्रायव्हर सावली बघून झोपतात. महानिर्मिती आपली, सरकारची. तिचं केंद्र बंद ठेवून तिचा स्थिर खर्चही ग्राहक भरतो आणि खाजगी केंद्राची चालू वीजही ग्राहकच विकत घेतो. ताई, तुमचे दोनशे रुपये यातच कुठंतरी गेलेत.

---

गुलमंडी, संभाजीनगर

आमच्या शहरानं खाजगीकरण दोनदा बघितलं, म्हणून लिहितो.

२०११ मध्ये शहराची वीज वितरण व्यवस्था जीटीएल कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिली. पद्धत अशी की फ्रँचायझी महावितरणकडून ठरलेल्या दरानं वीज घेते, आपल्याकडून राज्य वीज नियामक आयोगाच्या दरानं बिल वसूल करते. गळती आणि चोरी जितकी कमी करेल, तितकी मधली रक्कम तिची. ऐकायला चांगलं वाटतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये महावितरणनं थकबाकीवरून करार संपवला आणि कारभार परत घेतला. पाण्याचंही तेच. २०१४ ला शहराचा पाणीपुरवठा ‘समांतर’ जलवाहिनी प्रकल्पाच्या कंपनीकडं गेला, २०१६ ला महापालिकेनं तो करार रद्द केला. नागपूरची फ्रँचायझी २०१९ ला संपली, जळगावची त्याच्या आधीच.

भिवंडीत २००७ पासून टोरेंट आहे आणि तिथं गळती खूप खाली आली, हे मान्य करतो. पण संभाजीनगर, जळगाव, नागपूर तिन्ही ठिकाणी कंपनी गेल्यावर तारा, खांब, थकबाकी आणि लोकांचा राग परत महावितरणनंच सांभाळला. ठाणे, नवी मुंबई, पनवेल पट्ट्यात अदानींनी समांतर परवाना, म्हणजे महावितरणच्याच भागात वीज विकायचा परवाना मागितला, त्याविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले होते. त्यांचं म्हणणं मला पटलं. चांगली वसुली देणारी शहरं खाजगी कंपनीनं नेली, तर औसा, भोकरदन, पाटोद्याच्या तारांचा खर्च कोण उचलणार? आज मोठ्या शहराच्या आणि कारखान्यांच्या बिलातून आपल्यासारख्यांचा थोडा भार हलका होतो. तोही जाईल.

---

उदगीरची, सध्या लीड्स

ताई, मी उदगीरची. इथं इंग्लंडात दवाखान्यात नर्स आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण तुम्ही ज्याला घाबरता ते इथं चालू आहे.

इथं गॅस १९८६ ला विकला, वीज १९९० च्या आसपास. मी बिल एका कंपनीला भरते. पण यॉर्कशायरमधल्या तारा आणि खांब नॉर्दर्न पॉवरग्रिडचे आहेत आणि तिची मालकी अमेरिकेतल्या वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या ऊर्जा कंपनीकडं. ऑक्टोबर २०२१ मध्ये साधारण घराच्या वर्षाच्या वीज-गॅस बिलाची सरकारी नियामकानं ठरवलेली कमाल मर्यादा १,२७७ पौंड होती, वर्षभरात ती ३,५४९ वर जाणार होती. सरकारनं मधे पडून २,५०० वर थांबवली आणि फरक कंपन्यांना तिजोरीतून दिला. २०२२ सालीच ब्रिटिश गॅसची मालक सेंट्रिका हिचा नफा ३.३ अब्ज पौंडांवर गेला. आणि नांदेडच्या काकांनी सांगितलं तसंच इथंही आहे, बिल पाठवणाऱ्या शाखेचा नफा त्यात जेमतेम ७ कोटी २० लाख पौंड. बाकी सगळा गॅस काढण्यात, अणुवीज बनवण्यात, खरेदी-विक्रीत. दुसरीकडं तिशीला टेकतील इतक्या छोट्या कंपन्या बुडाल्या आणि त्यांचा खर्च सगळ्यांच्या स्थिर आकारात घातला. एक बरं केलं, तेल-गॅस काढणाऱ्यांच्या जादा नफ्यावर मे २०२२ मध्ये २५ टक्के कर लावला, पुढं ३५ केला. आपल्याकडं असं काही मागायला काय हरकत आहे?

आता प्रीपेडचं. इथं प्रीपेड मीटरला प्लास्टिकची एक चावी असते. कोपऱ्यावरच्या दुकानात ती मशीनमध्ये घालून दहा-वीस पौंड भरायचे, घरी येऊन मीटरमध्ये खोचायची. माझ्या वॉर्डातल्या एका आजींना घरी सोडायचं होतं. त्या गोळ्यांबद्दल काही विचारेनात, चावी पर्समध्ये आहे का तेच परत परत बघत होत्या. त्या दवाखान्यात असताना घरात दिवाही लागला नव्हता, तरी स्थिर आकार रोज कापला जात होता. चावी भरली की आधी ती बाकी फिटणार, मग उरलेल्यावर हीटर चालणार. २०२३ मध्ये तर थकबाकीदारांच्या दाराचं कुलूप उघडून जबरदस्तीनं असे मीटर बसवल्याचं उघड झालं. आजारी, अपंग माणसांच्याही घरात. मग नियामकानं ते थांबवायला लावलं.

पोस्टपेडमध्ये तुम्हाला नोटीस येते, बोलायला वेळ मिळतो. प्रीपेडमध्ये पैसे संपले की अंधार. हा फरक गल्लीत सगळ्यांना सांगा.

---

खानावळ, औसा रोड, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. परळीच्या दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. उदगीरच्या ताई, तुमचा निरोप मी आमच्या भिशीत मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. दिवाळीत मुली गावाकडं जातात, वरचा मजला बंद असतो, तेव्हाही रोज पैसे कापले जाणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काका, दोन गोष्टी विचारते. वरच्या मजल्याला वेगळं मीटर घेता येईल का? शेजारचे म्हणतात, मुली ठेवल्यात हे कळलं तर कमर्शियल लावतील.

---

निवृत्त लेखापाल, नांदेड

ताई, घाबरू नका. आयोगाच्या दरपत्रकात विद्यार्थिनींची वसतिगृहं घरगुती वर्गातच धरलीत. कुणी व्यापारी दर लावला तर लेखी कारण मागा. मात्र बाहेरच्या लोकांना डबे विकत असाल, तर तेवढी वीज वेगळी धरली जाऊ शकते.

वेगळ्या मीटरचं असं आहे. वरचा जिना स्वतंत्र असेल आणि वायरिंग पूर्ण वेगळं करता येत असेल तर नव्या जोडणीचा ए-वन अर्ज भरा. घरपट्टीची पावती, सासऱ्यांचं संमतीपत्र आणि परवानाधारक वायरमनचा चाचणी अहवाल जोडा. ४२० युनिट २१०-२१० असे वाटले गेले तर दोन्ही बिलं मिळून ४,५८६ च्या आसपास येतील, महिन्याला जवळपास अकराशे वाचतील. पण वायरिंग खरंच वेगळं करा. वरचा एक कूलर जरी खालच्या मीटरवर राहिला आणि तपासणीत सापडला, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते.

स्मार्ट मीटरचं म्हणाल तर सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड बसवणार नाही असं फडणवीसांनी याच महिन्यात, जून २०२४ मध्ये, जाहीर केलंय. मीटर बसवायची कंत्राटं मात्र २०२३ मध्येच खाजगी कंपन्यांना दिलीत. केंद्र सरकारची मदत मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपयांची. उरलेले पैसे महावितरण कंत्राटदाराला महिन्याच्या हिशोबानं देणार आणि ते आपल्याच दरातून. म्हणून जाहीर झालं तेवढ्यावर थांबू नका. भिशीतल्या सगळ्या बायकांनी मिळून उपविभागीय अभियंत्याला लेखी पत्र द्या, की आमचं मीटर पोस्टपेडच राहिलं पाहिजे. पोच घ्या, शिक्का मारलेली. वीज तोडायची तर कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस हा तुमचा हक्क आहे, तोही पत्रात लिहा.

दाद दिली नाही तर परिमंडळात ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, लातूरलाच. वकील लागत नाही. आयोग नवे दर ठरवतो त्याआधी जाहीर सुनावणी घेतो आणि तिथं कुणीही हरकत नोंदवू शकतं. कारखानदार दरवेळी वकील घेऊन येतात. खानावळ चालवणारी बाई आलेली मी नोकरीभर पाहिली नाही. तुम्ही या. हरकतीचा मसुदा मी लिहून देतो, तुम्ही फक्त मे आणि डिसेंबरचं बिल आणि वरच्या तीन खोल्यांच्या आणि खालच्या घराच्या वापराचा अंदाज मला इथंच टाकून ठेवा.