क्लब कुणाचा? मालकाचा की आपला? (चर्चा धागा, नाशिक)

गोदाकाठ_रेड
परवापासून आपल्याकडच्या मँचेस्टर युनायटेडवाल्यांमध्ये एक पोस्ट फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: क्लब मालकाचा, त्याने पैसे टाकलेत, तो ठरवेल. गंगापूर रोडवर बसून मालक ग्लेझर आणि भागीदार रॅटक्लिफ यांच्या नावाने बोंब मारणाऱ्यांनी आधी ओल्ड ट्रॅफर्डचं, म्हणजे युनायटेडच्या मैदानाचं, एक तिकीट काढून दाखवावं. खाली भराभर अंगठे पडले, म्हणून सविस्तर लिहितोय.

"पैसे टाकलेत" हेच मुळात खोटं आहे. 2005 साली ग्लेझर घराण्याने क्लब सुमारे 79 कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा वाटा कर्जाचा होता आणि त्यातलं बरंचसं कर्ज थेट क्लबच्या खात्यावर चढवलं गेलं. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. उरलेला एक भाग वरच्या कंपनीच्या नावावर ठेवला. त्याचं व्याज रोख भरायचं नव्हतं, ते मुद्दलात मिळत जायचं, आणि दर 14 टक्क्यांच्या वर. म्हणजे तिकीट, जर्सी, टीव्ही यांतून येणाऱ्या पैशांनी क्लबने स्वतःच्याच खरेदीचे हप्ते भरले. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात शेअर आले, तेव्हा विकलेल्या शेअर्सपैकी निम्म्यांचे पैसे क्लबला नाही, घराण्याला गेले. बाजारात मिळणाऱ्या शेअरला एक मत आणि घराण्याकडच्या शेअरला दहा मतं. आता सांगा, कुणी कुणात पैसे टाकले?

राहिला तिकिटाचा मुद्दा. 2022 ते 2025 या तीन हंगामांत प्रीमियर लीगचं परदेशी टीव्ही हक्कांचं उत्पन्न पहिल्यांदाच ब्रिटनमधल्या हक्कांच्या पुढे गेलं. त्या परदेशात नाशिक येतं. सबस्क्रिप्शन भरणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून चालतो, पण बोलला की फुकटा ठरतो, हे मान्य नाही.

हिशेबी_नाशिकरोड
आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. युनायटेडने 2013 नंतर खेळाडूंवर शंभर कोटी पौंडांच्या वर खर्च केलाय. संघाचे हाल झाले ते पैशाअभावी नाही. चुकीची खरेदी, दर दोन-अडीच वर्षांनी नवा मॅनेजर, आणि प्रत्येकाला वेगळ्या ठेवणीचे खेळाडू हवेत, म्हणून आधीचे निम्मे निरुपयोगी. यात कर्जाचा दोष किती आणि फुटबॉल खात्यातल्या निर्णयांचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय "मालक हटाव" म्हणण्यात अर्थ नाही.

फॅन्सनी चालवलेला क्लबही बघा. पोर्ट्समथ 2013 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून फॅन्सनी हजार-हजार पौंडांचे शेअर घेऊन वाचवला. कौतुकास्पद काम. पण त्यांचं मैदान फ्रॅटन पार्क जुनं, दुरुस्तीचा खर्च झेपेना, आणि 2017 मध्ये त्याच फॅन्सनी मतदान करून क्लब एका अमेरिकन गुंतवणूकदाराला विकला. श्रद्धेवर स्टँडचं छप्पर उभं राहत नाही.

परदेशी फॅनच्या हक्काचं तर विचारूच नका. इंग्लंडमध्ये 2025 साली फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. क्लबचं चिन्ह किंवा घरच्या जर्सीचा मुख्य रंग बदलायचा असेल तर बहुसंख्य फॅन्सचा पाठिंबा दाखवावा लागेल. कोणते फॅन्स? इंग्लंड आणि वेल्समधले. त्यांच्याच संसदेने तुम्हाला मोजलेलं नाही.

पंचवटी_ब्लाउग्राना
वाद चालू द्या, पण उत्तर बार्सिलोनात आहे. तिथे सभासदच मालक. 2020 मध्ये अध्यक्ष बार्तोमेऊविरुद्ध अविश्वासासाठी साडेसोळा हजारांच्या आसपास सह्या लागत होत्या, वीस हजारांच्या वर जमा झाल्या, आणि मतदानाआधीच ऑक्टोबरात तो राजीनामा देऊन गेला. कोविडचा काळ, स्टेडियम रिकामं, तरी लोकांनी सह्यांचे कागद गोळा केले. युनायटेडवाले 2010 पासून मालकांच्या निषेधाचे हिरवे-पिवळे स्कार्फ घालतायत. 2021 मध्ये मैदानात घुसून लिव्हरपूलची मॅच पुढे ढकलायला लावली. मालक तेच. कारण सहीला तिथे कायद्याचं वजन नाही.

सिन्नर_फाटा
बार्सिलोनाचं कौतुक नाशिक जिल्ह्यातल्या माणसाने करावं याचं नवल वाटतं. सहकाराचा हा खेळ आपण आयुष्यभर बघत आलोय!

आमसभा कशी होते? नोटीस मिळते, अहवाल बहुतेकांच्या हातात सभेच्या दारातच पडतो. ठरलेल्या वेळी कोरम नसतो. सभा तहकूब. अर्ध्या तासाने त्याच मांडवात, त्याच विषयपत्रिकेवर पुन्हा सुरू, आणि आता कोरमची गरज नाही. पुढच्या दोन रांगा चेअरमनच्या गावच्या. विषय क्रमांक चार वाचून संपायच्या आत "मंजूर, मंजूर". मागे एखादा ताळेबंदाचं पान धरून उभा राहिला तर माईक त्याच्यापर्यंत पोचत नाही.

बार्सिलोनात वेगळं काय झालं? मालक सभासद, तरी 2021 मध्ये कर्ज आणि देणी मिळून 135 कोटी युरो. मेस्सीला ठेवता आलं नाही. 2022 मध्ये स्पॅनिश लीगच्या टीव्ही उत्पन्नातला 25 टक्के वाटा 25 वर्षांसाठी विकला. अजून शाळेत न गेलेल्या सभासदाच्या वाट्याचं उत्पन्न आजच्या खेळाडूंवर खर्च झालं. आणि त्याला मंजुरी दिली सभासदांच्याच सभेने.

निवडणुकीला उभं कोण राहतं तेही सांगा. 2021 मध्ये लापोर्ताला अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर सुमारे 12 कोटी 46 लाख युरोंची बँक हमी आणावी लागली, बजेटच्या 15 टक्के. रिअल माद्रिदमध्ये हमीसोबत 20 वर्षांचं सभासदत्वही लागतं. मत सगळ्यांना, उमेदवारी धनिकांना.

मोहाडी_लेफ्टबॅक
सहकार म्हटलं की बुडालेले कारखानेच का आठवतात? महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम 27 वाचा: शेअर एक असो की हजार, मत एकच, आणि ते स्वतः येऊन द्यायचं, प्रॉक्सी नाही. न्यूयॉर्कच्या बाजारातल्या दहा मतांच्या शेअरशेजारी हे ठेवून बघा. बोगस सभासद आणि पळवलेली सभा हा अंमलबजावणीचा दोष आहे. तत्त्वाला शिव्या कशाला?

दुसरं. जर्मनीचं 50+1 समजायला म्युनिकला जायची गरज नाही. द्राक्षं निर्यात करणारी सह्याद्री फार्म्स बघा. मूळ उत्पादक कंपनी शेतकऱ्यांची. 2022 मध्ये युरोपातून 310 कोटींची गुंतवणूक आली, ती प्रक्रिया करणाऱ्या उपकंपनीत घेतली. बाहेरचा पैसा खालच्या कंपनीत, सभासदांची संस्था वर. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्येही, बहुतेक ठिकाणी रचना हीच असते: संघ चालवणारी कंपनी खाली, सभासदांचा क्लब वर. गुंतवणूकदार भांडवल हवं तेवढं घालू शकतो, पण कंपनीत मूळ क्लबची मतं निम्म्याहून किमान एक जास्त राहिली पाहिजेत.

सिन्नर_फाटा
द्राक्षं आणि फुटबॉल यांची सांगड घालू नका. शेतकऱ्याला दर चुकीचा मिळाला तर तो पुढच्या हंगामात माल दुसरीकडे घालतो. फॅन क्लब बदलत नाही. म्हणून तर त्याला लुटता येतं.

आणि तुमच्या 50+1 चं लाइपझिग काय? 2009 मध्ये एनर्जी ड्रिंकच्या कंपनीने क्लब उभा केला, मत असलेले सभासद मूठभर, आणि तेही कंपनीशी संबंधित. नियम कागदावर पाळला. शाल्केत तर खरेखुरे सभासद, लाखाच्या वर, तरी देणं 20 कोटी युरोंच्या पुढे आणि 2021 मध्ये खालच्या लीगमध्ये.

मोहाडी_लेफ्टबॅक
"माल दुसरीकडे घालतो" हे इतकं सोपं वाटत असेल तर तुम्ही बाग पाहिलेली नाही. छाटणीपासून काढणीपर्यंत औषधांची नोंद ठेवावी लागते, रेसिड्यूची (फळात उरलेल्या औषधाची) तपासणी एका निर्यातदाराच्या यादीप्रमाणे झालेली असते. ऐन काढणीत गाडी फिरवून दुसरीकडे नेली तर तो माल निर्यातीला चालेलच असं नाही. तोही बांधलेलाच असतो, म्हणून त्याला वरच्या संस्थेत मत लागतं. सहकारावरचा राग समजतो, पण त्या रागात तुम्ही ग्लेझरचं वकीलपत्र घेताय.

सिन्नर_फाटा
वकीलपत्र नाही घेतलेलं. शब्द मागे घ्या.

कॉप_सिडको
दोघांनी सहकाराचा वेगळा धागा काढा. इथे मुद्दा आहे मालकाला वाकवायचं कसं, आणि ते झालेलं आहे. फेब्रुवारी 2016, आमच्या लिव्हरपूलचं मैदान अ‍ॅनफिल्ड. नव्या मेन स्टँडचं सर्वात महाग तिकीट 77 पौंड ठरवलं. सुंदरलँडविरुद्ध 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. तेव्हा 2-0 पुढे होतो, मॅच 2-2 सुटली. काही दिवसांत मालकांनी माफी मागितली, 77 पौंडांचा दर रद्द, सर्वात महाग तिकीट 59 वर दोन हंगाम गोठवलं.

जर्मनीत 2023-24 च्या हंगामात लीगच्या टीव्ही उत्पन्नातला वाटा गुंतवणूकदाराला द्यायचं ठरलं. फॅन्सनी काय केलं? सुरुवातीला 12 मिनिटं शांतता, मग मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी. ती वेचेपर्यंत खेळ बंद, आणि थेट प्रक्षेपणाचं वेळापत्रक कोलमडतं. ज्या मालाची विक्री चालली होती तोच खराब करून दाखवला. फेब्रुवारी 2024 मध्ये लीगने प्रस्ताव गुंडाळला. कुठल्याही आमसभेशिवाय.

मोहाडी_लेफ्टबॅक
आमसभेशिवाय कसं? डिसेंबरात 36 पैकी 24 क्लबांनी हो म्हटलं, बरोबर दोन-तृतीयांश, म्हणजे एकही मत कमी पडलं असतं तर प्रस्ताव पडला असता. हॅनोवरच्या मूळ क्लबने आपल्या प्रतिनिधीला विरोधात मत द्यायला सांगितलं होतं, ते त्याने पाळलं का यावर काहूर उठलं. सभासदांना आदेश द्यायचा हक्क होता, म्हणूनच ते मतदान संशयाखाली आलं.

बालेवाडी_केशरी
इंग्लंड-जर्मनी फार झालं. महाराष्ट्राचा क्लब गेला त्यावर एक ओळ नाही कुणाची. एफसी पुणे सिटी, 2014 पासून बालेवाडीत, नाशिकहून सर्वात जवळच्या दोन आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबांपैकी एक. 2019 च्या ऑगस्टमध्ये मालक आर्थिक अडचणीत, फ्रँचायझी हैदराबादच्या नावावर. फॅनला विचारणं सोडा, विचारायची जागाच नव्हती. त्याआधी 2010 मध्ये महिंद्रा युनायटेड बंद, 2015 मध्ये पुणे एफसी. पुढे 2025 च्या जुलैत आयएसएलचाच हंगाम थांबला, कारण भारतीय फुटबॉल फेडरेशनचा 2010 चा 15 वर्षांचा व्यावसायिक करार संपत आला आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. इथे क्लब म्हणजे लीगच्या करारातला एक परवाना.

कोलकात्याचा मोहन बागान मात्र टिकला. 2020 मध्ये 80 टक्के हिस्सा गोयंकांकडे गेला, नावाआधी एटीके (गोयंकांच्या आधीच्या क्लबचं नाव) लागलं. तीन वर्षं लोकांनी ते नाव काढायची मागणी लावून धरली. 2023 मध्ये कप जिंकल्यावर मालकाला एटीके काढावं लागलं. 1889 चा क्लब, मागे सभासदांची संस्था, तिचा 20 टक्के हिस्सा. पुण्याकडे यातलं काही नव्हतं.

हिशेबी_नाशिकरोड
नाव परत मिळालं नाही, एक प्रायोजकी नाव जाऊन दुसरं आलं: सुपर जायंट. पण पुणे-बागान तुलना बरोबर आहे, एवढं मान्य करावं लागेल.

गोदाकाठ_रेड
बालेवाडीकरांनी नेमकी जागा दाखवली. मॅनेजर कोण, कुणाला विकत घ्यायचं, हे फॅन्सच्या मतावर सोडा असं मी म्हणतच नाही. शाल्के आणि बार्सिलोनाचे दाखले मला लागूच पडत नाहीत. फॅनच्या हाती नकाराधिकार हवा, मोजक्या गोष्टींवर: नाव, चिन्ह, रंग, मैदान, शहर. आणि तो कुणाच्या तरी मालकीच्या कागदात लिहिलेला हवा, मालकाच्या चांगुलपणात नाही.

चेल्सी बघा. स्टॅम्फर्ड ब्रिजची जमीन आणि "चेल्सी फुटबॉल क्लब" हे नाव फॅन्सच्या एका कंपनीकडे आहे, 1993 पासूनची. क्लब दुसरीकडे खेळायला गेला तर नाव मागे राहतं. 2011 मध्ये तेव्हाचा मालक अब्रामोविचने जमीन परत मागितली. 75 टक्के मतं लागत होती, 61 च्या आसपास मिळाली. एवढा श्रीमंत मालक थांबला. त्याच्या पैशांनी जिंकलेले कप फॅन्सना हवेच होते, तरी जमीन दिली नाही.

लंडनच्या विम्बल्डन क्लबकडे असा कागद नव्हता. 2002 मध्ये तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक मताने क्लब दुसऱ्या शहरात, मिल्टन कीन्सला, न्यायला परवानगी दिली. फॅन्सनी नवा क्लब नवव्या पायरीपासून सुरू केला, नऊ वर्षांत लीगमध्ये आणला, आणि 2020 मध्ये आपल्या मूळ भागात, प्लाउ लेनला, परतले. एवढं सगळं एका कलमाने वाचलं असतं.

हिशेबी_नाशिकरोड
नकाराधिकारापुरतं असेल तर माझा विरोध गळून पडतो. पण महाराष्ट्रात करणार कसं? जमीन फॅन्सची असणं अशक्य. बालेवाडीचं संकुल सरकारी, आपलं शिवाजी स्टेडियमही खासगी नाही.

गोदाकाठ_रेड
म्हणून इथे जमिनीऐवजी नाव आणि चिन्ह. फॅन्सची संस्था आधी नोंदवायची. सहकारी संस्था असेल तर वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. नाव आणि चिन्हाचा ट्रेडमार्क संस्थेच्या नावावर, आणि गुंतवणूकदाराच्या कंपनीला तो वापरायला द्यायचा करार. त्यात एक अट: घरचं मैदान जिल्ह्याबाहेर गेलं किंवा रंग बदलला, की करार आपोआप संपला. पोटनियमात दोन गोष्टी पक्क्या करायच्या. हे कलम बदलायला एकूण सभासदांच्या 75 टक्के मतं, हजर असलेल्यांच्या नाही. आणि या विषयावर तहकूब सभेत मतदान नाही. सिन्नरकरांनी सांगितलेला अर्ध्या तासाचा मांडव इथेच अडवायचा.

सिन्नर_फाटा
एकूण सभासदांच्या 75 टक्के ठेवलं तर मयत आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं यादीत राहतील आणि काहीच कधी बदलता येणार नाही. पण तुम्हाला तेच हवंय, हे लक्षात आलं. या एका कलमापुरतं पटतं. बाकी सहकाराबद्दल माझं मत तेच.

हिशेबी_नाशिकरोड
करार करताना दोन गोष्टी विसरू नका. ट्रेडमार्क वर्गवार घ्यावा लागतो: खेळाच्या कार्यक्रमांसाठी 41, जर्सी-कपड्यांसाठी 25. एकच घेतला तर मालक दुसरा स्वतःच्या नावावर करून घेईल आणि जर्सीचं उत्पन्न त्याच्याकडेच जाईल. आणि नोंदणी दहा वर्षांची असते. नूतनीकरणाची फी संस्थेने स्वतःच्या खात्यातून भरायची, कंपनीच्या नाही. ज्याने फी भरली त्याच्याकडे पावती, आणि उद्या वाद कोर्टात गेला की पहिला कागद तोच मागतात.