मदत हवी आहे: वहिनीच्या सोनोग्राफीत गर्भजल जास्त आलंय, पाणी पिणं कमी करायचं का?

विश्वामित्री:
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. माझ्या वहिनीला ३२वा आठवडा चालू आहे, पहिलटकरीण आहे. पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी चांगली आली होती, सहाव्यात ग्लुकोज पाजून केलेली शुगरही ठीक होती. आता पोट दिवसांच्या मानाने मोठं वाटतंय म्हणून डॉक्टरबाईंनी पुन्हा सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्टवर लायकर (म्हणजे गर्भजल) वाढलंय आणि एएफआय, म्हणजे त्या पाण्याचं मोजमाप, २७ असं आहे. बाई म्हणाल्या, "थोडं जास्त आहे, घाबरू नका. शुगर परत करा आणि दोन आठवड्यांनी दाखवा."

घरात मात्र सगळ्यांनीच धसका घेतलाय. आईचं म्हणणं, पोटात पाणी जास्त झालंय तर वरून कमी द्यायला हवं. ती वहिनीला पेल्याने मोजून पाणी देते. आई हे काळजीपोटी करतेय, तिला मी दोष देत नाही. पण मे महिन्यातला बडोद्याचा उकाडा! वहिनीचे ओठ सुकलेले असतात आणि ती सासूपुढे काही बोलत नाही. मला बघवत नाही ते. त्यात शेजारच्या काकूंनी "बाळाच्या डोक्यात पाणी झालं असेल" असं सांगून टाकलं. त्या रात्री वहिनीच्या डोळ्याला डोळा नाही.

पाणी कमी केल्याने खरंच फरक पडतो का? शुगर एकदा नॉर्मल आली असताना परत कशाला? बाळात काही दोष असेल का? आणि सगळ्यात अडलेला प्रश्न म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलंय. माहेर नंदुरबार जिल्ह्यात, आडगावी आहे. पुढच्या पंधरवड्यात तिचे बाबा न्यायला येतील. पाठवावं का? माहिती असलेल्यांनी कृपया लिहा.

जास्वंद:
मला धाकट्याच्या वेळी हेच झालं होतं. सगळ्या तपासण्या झाल्या, कारण काहीच सापडलं नाही. मुलगा ठणठणीत जन्मला, आता शाळेत जातो. वहिनीला हे जरूर सांगा. आणि आधी तिला पोटभर पाणी द्या हो!

वैद्यकी:
मी प्रसूतितज्ज्ञ आहे. पेशंटला न तपासता सल्ला देता येत नाही, म्हणून हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा. निर्णय तुमच्या डॉक्टरबाईंचाच.

पाण्याचं आधी सांगते, कारण ते आजच थांबायला हवं. गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. बाळ ते पाणी गिळतं, आतड्यातून ते शोषलं जातं, वारेतून आईकडे जातं आणि बाळ पुन्हा लघवी करतं. हे रात्रंदिवस चालू असतं. लघवी जास्त होऊ लागली किंवा गिळणं कमी पडलं की पाणी साठतं. आईने दोन पेले कमी प्यायल्याने ते उतरत नाही. उलट या उन्हाळ्यात तिला चक्कर येईल, लघवीला जळजळ होईल. तहान लागेल तेवढं पाणी तिला मिळालंच पाहिजे. सासूबाईंना माझा निरोप म्हणून सांगा.

एएफआयसाठी पोटाचे चार भाग करतात, प्रत्येक भागातल्या पाण्याच्या सगळ्यात खोल कप्प्याची उभी खोली सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि चारही आकड्यांची बेरीज करतात. २४-२५ च्या पुढे पाणी जास्त धरतात. ३० च्या आत असेल तर सौम्य, ३० ते ३५ मध्यम, त्यावर तीव्र. तुमचं २७ सौम्य गटात येतं. बाळ हललं की मोजमाप थोडं बदलतं, तेव्हा पुढच्या वेळी २६ किंवा २८ आलं तर त्यावरून हर्ष-खेद करू नका.

शुगर परत करायला सांगितली ते अगदी योग्य केलं. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाला लघवी जास्त होते. दिवस भरत जातात तशी वारेतली संप्रेरकं इन्सुलिनचं काम अवघड करतात, म्हणून सहाव्या महिन्यात ठीक असलेली साखर आठव्यात वाढू शकते. ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी १४० किंवा जास्त आली तर गर्भारपणातला मधुमेह समजतात.

बाळाबद्दल: सौम्य प्रकारात बहुतेक वेळा कारण सापडत नाही आणि बाळ चांगलं असतं. तरी पुन्हा नीट बघतात, कारण अन्ननलिका मध्येच बंद असणं किंवा जठराच्या पुढे आतड्यात अडथळा असणं हे पाचव्या महिन्यात पुष्कळदा दिसत नाही. पुढच्या सोनोग्राफीत जठराचा फुगा नीट दिसतोय का, बाळाची वाढ कशी आहे, हे मुद्दाम विचारा. वहिनीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा, कारण बाळाला रक्तक्षय झाला तरी पाणी वाढतं. डोक्यातलं पाणी ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. सोनोग्राफीत डोकं मोजतातच, तसं काही असतं तर रिपोर्टवर आलं असतं.

एक इशारा. पाठ दुखते, पोट ताणतं म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून देऊ नका. त्यातल्या काही गोळ्यांनी या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी आकसते.

जुनी सिस्टर:
अगं ताई, डॉक्टरांनी बाकी सगळं लिहिलंय, मी माहेराबद्दल लिहिते. माझा जन्म प्रसूतिकक्षात नोकरी करण्यात गेला.

नको पाठवू. पाणी जास्त असलं की बाळाला फिरायला जागा मिळते, आज डोकं खाली तर उद्या आडवं. पिशवी ताणलेली असल्याने दिवस भरायच्या आत कळा लागू शकतात किंवा पाणमोट फुटू शकते. डोकं खाली बसलेलं नसताना पाणमोट फुटली तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली येते आणि दाबली जाते. तेव्हा हातात मिनिटं असतात, आडगावाहून तालुक्याला पोचायला तेवढी पुरत नाहीत. बाळंत झाल्यावरही ताणलेली पिशवी लवकर आवळत नाही, रक्त जास्त जातं. हे सगळं प्रत्येकीला होतं असं मुळीच नाही, बहुतेकींचं सुखरूप पार पडतं. पण जिथे रात्री-अपरात्री सिझेरियन होईल, रक्त मिळेल आणि बाळासाठी काचेची पेटी असेल तिथेच बाळंतपण हवं. तुमच्याकडे चांगली खासगी रुग्णालयं आहेत, मेडिकल कॉलेजचं सयाजी हॉस्पिटल आहे. तिच्या आईलाच बडोद्याला बोलवा. लेकीला आई हवी असते, ती इथेही मिळेल.

दांडिया बाजारातलं तुमचं घर जुनं असेल तर जिना उभा असणार. तिला खाली कोण आणणार, ते आजच ठरवा. पाणमोट फुटली तर तिला चालत जिना उतरवू नका. डाव्या कुशीवर निजवा, कमरेखाली उशा द्या, १०८ ला फोन करा. नाळ बाहेर दिसली तर गुडघे आणि छाती टेकवून, कंबर उंच ठेवून ओणवं करा. नाळेला हात लावू नका, आत ढकलू नका.

आणि बाळ जन्मल्यावर तिथल्या बालरोगतज्ज्ञांना स्वतःहून सांगा की पाणी जास्त होतं. ते पहिल्या दुधाआधी तोंडातून बारीक नळी घालून अन्ननलिका मोकळी आहे का ते बघतात. तोवर मध, गूळपाणी, तुमच्याकडची गळथुथी, काही म्हणजे काही चाटवू नका. आजीला आधीच सांगून ठेवा, त्या गडबडीत कुणी ऐकत नाही.

विश्वामित्री:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा निरोप मी आईला जसाच्या तसा वाचून दाखवला. आता वहिनीच्या उशाशी पाण्याचा तांब्या आईच भरून ठेवते.

शुगर केली. दोन तासांची १५२ आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, मधुमेह आहे, आधी आहार सांभाळून बघू. घरात आंब्याचे दिवस, रोजचा रस चालू होता, तो बंद केला. मग आईने भात आणि पोळीही बंद करायचं काढलं, ते मी थांबवून ठेवलंय. बरोबर केलं ना? रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे. वहिनीच्या बाबांशी भाऊ बोलला. आधी ते नाराज झाले, "लोक काय म्हणतील" म्हणाले, पण नाळेचं समजावल्यावर लगेच तयार झाले. तिची आई इकडे येतेय. आता एकच, रात्री तिला आडवं झालं की धाप लागते. काय करावं?

वैद्यकी:
बरोबर केलंत, उपाशी ठेवायचं नाही. पोळी, भाकरी मोजकी, सोबत डाळ, उसळ, भाजी, ताक. एकदम भरपेट खाण्याऐवजी थोडं थोडं, आणि जेवणानंतर थोडं चालणं. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत साखर ठेवायची असते. आहाराने नाही जमलं तर इन्सुलिन देतील. त्याला घाबरू नका, त्याने बाळाला अपाय होत नाही. साखर ताब्यात आली की पाणीही पुष्कळदा कमी होतं.

जुनी सिस्टर:
पाठीवर सपाट निजू देऊ नकोस. डाव्या कुशीवर, पाठीमागे आणि पोटाखाली उशी, डोकं-खांदे उंच. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं दे. एवढं करूनही बसल्या जागी धाप लागली, पोट थोड्या थोड्या वेळाने दगडासारखं आवळायला लागलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, किंवा बाळाचं फिरणं नेहमीपेक्षा मंदावलं, तर दोन आठवडे संपायची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखान्यात न्या. फाईल, सगळे रिपोर्ट आणि रक्तगटाचा कागद एका पिशवीत घालून दाराशी ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला सांगा.