मदत हवी आहे: मे अखेरीस चांदोली की दाजीपूर?

सांगलीहून दोन दिवसांची जंगलसहल, छोटी गाडी, चार माणसं, त्यात सत्तरीच्या आजी. चांदोली शिराळामार्गे सोपं पडतं, २००४ पासून राष्ट्रीय उद्यानही आहे, पण जंगल दाट, प्राणी दिसणं नशिबावर. गवे पाहायचे तर राधानगरी तालुक्यातलं दाजीपूर अभयारण्य सरस. उन्हाळ्यात पाणवठे आटले की उरलेल्या पाण्यावर पहाटे-संध्याकाळी कळप येतात. आतली वाट मात्र दगडधोंड्यांची. छोट्या गाडीचा इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर खालून आपटला तर ऑइल गळून गाडी तिथंच बसेल, म्हणून भाड्याची जीपच घ्यायची. आजींची कंबर ते दणके सोसेल का? वळवानं लाल माती निसरडी झाली तर जीप सोडतात का? पहाटेसाठी मुक्काम दाजीपूरला करावा की राधानगरीत? पावसाळ्यात दोन्हीकडे प्रवेश बंद, त्यामुळे बेत पुढे ढकलता येत नाही. नुकतंच जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.