मदत हवी आहे: मुलाखतींना पाठवण्याआधी विद्यार्थ्यांकडून संमतीचा सराव कसा करून घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी धुळ्यात एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाला) शिकवते. धडगाव, अक्कलकुवा भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघण्याआधी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तिथल्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत: आरोग्य, उचल (मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम), मुलांची शाळा.

पुस्तकी भाग झालाय. अमेरिकेतला टस्कगी अभ्यास मुलांना पाठ आहे: १९३२ ते १९७२, सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही उपचार दिले नाहीत. पण वर्गात सराव घेतला तेव्हा पहिल्याच मुलाने नाव विचारायच्या आत शाईचा पॅड पुढे सरकवला. समोर बाई झालेल्या मुलीने अहिराणीत विचारलं, "आमले काय भेटी?" त्याला उत्तरच सुचेना.

पाड्यावर वही-पेन दिसलं की घरकुलाची यादी आली असं लोकांना वाटतं. त्या आशेवर मिळालेला होकार मी संमती मानत नाही. आणि सरपंचांनी किंवा आशाताईंनी बसवून दिलेली बाई नाही म्हणेल कशी? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की समाजाच्या प्रमुखाने परवानगी दिली तरी प्रत्येकाची स्वतःची संमती लागतेच, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठ्यासोबत निष्पक्ष साक्षीदार हवा. तो साक्षीदार छोट्या पाड्यावर आणायचा कुठून? तिथे प्रत्येक जण कुणाचा तरी नातलग, नाहीतर मुकादमाच्या ओळखीचा.

आमची नैतिकता समिती तोंडी संमती, ऑडिओ रेकॉर्डिंगसह, मान्य करायला तयार आहे. मला तो मार्ग बरा वाटतो, कारण कोऱ्या कागदावर अंगठे देऊन फसलेली माणसं आहेत ही. पण उचलीबद्दल बोललेला आवाज मुकादमापर्यंत पोचला तर? निदान संमतीचं रेकॉर्डिंग आणि मुलाखत वेगवेगळी ठेवावी, नावाऐवजी क्रमांक द्यावा, एवढं ठरवलंय.

ज्यांनी अशा भागात विद्यार्थी नेलेत त्यांनी कृपया सांगावं: नकार ऐकून शांतपणे उठायला मुलांना कसं शिकवलंत? सासू किंवा नवरा शेजारून हलत नसेल तेव्हा काय केलंत? मुलाखतीपायी बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी असं मला ठामपणे वाटतं; पण ती किती असावी, म्हणजे पैशासाठी होकार दिला असं होणार नाही?

त्या भागातली पावरी बोली बोलणारं कुणी सरावात बाईची भूमिका करायला धुळ्यात येऊ शकत असेल तर जरूर कळवा. जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन विभाग देईल.