सेनेगलचे मुस्तफा नियास: सत्तांतराचे शिल्पकार की सत्तेचे सोबती?

आडवाट:
सेनेगलच्या राजकारणावर बोलताना लिओपोल्ड सेंघोर, अब्दू दिऊफ, अब्दुलाय वाद आणि मॅकी साल या राष्ट्राध्यक्षांचीच नावं येतात. या चौघांच्याही काळात मोठ्या पदावर राहिलेले मुस्तफा नियास राहून जातात. सेंघोर यांच्या कार्यालयाचे प्रमुख, १९७८ पासून परराष्ट्रमंत्री, दोनदा पंतप्रधान, २०१२ ते २०२२ संसदेचे अध्यक्ष. माझ्या मते त्यांचं खरं काम २००० सालचं. आदल्याच वर्षी सोशलिस्ट पक्ष सोडून त्यांनी एएफपी (अलायन्स ऑफ फोर्सेस ऑफ प्रोग्रेस) हा पक्ष काढला होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत सत्ताधारी सोशलिस्ट दिऊफ ४१ टक्के, विरोधी वाद ३१, नियास जवळपास १७. दुसऱ्या फेरीत त्यांनी वाद यांना पाठिंबा दिला आणि सोशलिस्टांची चाळीस वर्षांची सत्ता मतपेटीतून गेली, तीही शांततेत.

मृगजळ:
साफ असहमत. सत्ता लोकांनी उलथवली, श्रेय मात्र नेत्याला! वाद यांनी त्यांना पंतप्रधान केलं आणि वर्षभरात काढून टाकलं. पुढे २०१२ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत वाद यांच्यासमोर विरोधकांना एक उमेदवार ठरवता आला नाही. नियास आणि सोशलिस्ट पक्षाचे तानोर जेंग दोघेही उभे राहिले, १३ आणि ११ टक्क्यांवर अडले. मॅकी साल २६ वर होते. दोघांची बेरीज केली तर ती साल यांच्या अगदी जवळ जाते.

काजवा:
पण दुसऱ्या फेरीत दोघेही साल यांच्या मागे उभे राहिले ना? तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होण्याचा अब्दुलाय वाद यांचा हट्ट तिथेच मोडला. आणि सेनेगलच्या बाहेरही बघा. २००२ मध्ये काँगोतल्या युद्धावरच्या शांतता वाटाघाटींसाठी संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी त्यांनाच दूत नेमलं, डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात समझोता झाला. एकमेकांचा जीव घेणाऱ्या गटांना एका कागदावर सह्या करायला लावणं येरागबाळ्याचं काम नाही.

मृगजळ:
काँगोचं मान्य. स्वतःच्या पक्षाचं काय? २०१४ मध्येच जाहीर केलं की पुढच्या निवडणुकीत एएफपीचा उमेदवार नसेल, साल यांनाच पाठिंबा. मलिक गाकू यांच्यासारखा पक्षातलाच नेता विरोधात गेला आणि त्याने वेगळा पक्ष काढला. गावोगावी पक्षाचे झेंडे लावणाऱ्या पोरांनी मतं मागायची कुणासाठी? संसदेचं अध्यक्षपद दहा वर्षं टिकलं, पक्ष खंगला. याला मी त्याग म्हणणार नाही.

आडवाट:
२०१४ चा निर्णय मलाही खटकतो. पण त्यावरून २००० पुसता येत नाही. १७ टक्के मतं हातात असताना त्यांना जुन्या पक्षाशी सौदा करता आला असता. त्यांनी तो केला नाही.