मदत हवी आहे: सगळंच करणारा आयटीवाला ते डीबीए (डेटाबेस सांभाळणारा), जमेल का?

केळीचं_खोड: जळगाव एमआयडीसीत डाळमिलमध्ये आयटी बघतो. म्हणजे प्रिंटर, कॅमेरे, टॅली, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, मालकाच्या पोराचा मोबाइल, सगळं. नऊ वर्षं झाली. आता एकाच कामात पक्कं व्हायचंय. डीबीए की क्लाउड? क्लासवाल्याची फी शनिवारपर्यंत भरायचीय. लवकर सांगा.

तापीकाठ: डेटाबेस कोणता? शिक्षण काय? जळगाव सोडणार का? काहीच सांगितलं नाही तुम्ही.

राउटर_बाबा: डीबीए-फिबीए सोडा. सीसीएनए करा, सिस्को कंपनीचं नेटवर्कचं सर्टिफिकेट. 200-301 नंबरची, दोन तासांची एकच परीक्षा. मी भुसावळात बसून केली.

तापीकाठ: तो नेटवर्कचं विचारतच नाहीये.

राउटर_बाबा: विचारायला पाहिजे होतं.

मुक्काम_हिंजवडी: पुण्याला या भो. फक्त महाराष्ट्र एक्स्प्रेसचं वेटिंग आधी बघा.

केळीचं_खोड: पुणे नको, आई-वडील इथंच आहेत. बीसीए, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, 2015. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर 2019, फुकटची एक्स्प्रेस आवृत्ती. डीबीएच का, तर जानेवारीत ऐन तुरीच्या आवकेत बिलं निघेनात. गेटवर ट्रकांची रांग, ड्रायव्हर शिव्या देताहेत, आणि एरर काय तर प्रायमरी फाइलग्रुप, म्हणजे डेटा ठेवायची जागाच, भरला. एक्स्प्रेसची 10 जीबीची हद्द गाठली होती. शोधलं तर निम्मी जागा एकाच टेबलात. काट्याचं रीडिंग दर सेकंदाला लिहिलं जात होतं, काट्यावर ट्रक असो नसो, 2021 पासून! जुन्या ओळी थोड्या थोड्या करून उडवल्या आणि बिलं सुरू झाली. नऊ वर्षांत प्रिंटर उघडताना अशी मजा कधी आली नाही.

रूट_उंदीर: नंतर फाइल लहान करायला श्रिंक नाही ना मारलं?

केळीचं_खोड: मारलं. यूट्यूबवर तसंच सांगितलं होतं.

रूट_उंदीर: झालं. इंडेक्सचा, म्हणजे ओळी पटकन शोधायच्या सूचीचा, पार भुगा. रीबिल्ड करा आता.

राउटर_बाबा: नुसती लॉग फाइल (बदलांची नोंदवही) छोटी केली असती तरी भागलं असतं.

तापीकाठ: बाबा, लॉग फाइल त्या 10 जीबीत धरतच नाहीत. फक्त डेटा फाइल धरतात.

भरीत_पुरी: पोराला बीसीएला टाकू की बीएस्सी कॉम्प्युटरला? बारावीला गणित कच्चं आहे.

तापीकाठ: वेगळा धागा काढा ना ताई.
खोडभाऊ, क्लासची फी राहू द्या. रोज चालणारा डेटाबेस हातात आहे, क्लासमध्ये तो मिळणार नाही. इंडेक्स, एक्झिक्यूशन प्लॅन (क्वेरी आतून कशी चालते ते), लॉकिंग (एकाच ओळीवर दोघं आले तर काय ते), बॅकअप, एवढ्यावर वर्ष घाला. घरून करायची सपोर्टची कामं मिळतात, पण रात्रपाळी येते आणि लगेच पगार दुप्पट होत नाही. बॅकअप रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत उभा करून, पाहिलाय कधी?

केळीचं_खोड: बॅकअप रोज होतो. रिस्टोअर कधी केला नाही.

रूट_उंदीर: मग बॅकअप आहे असं म्हणू नका.

केळीचं_खोड: काल रात्री घरच्या लॅपटॉपवर करून पाहिला. होत नाही! लॅपटॉपवर एसक्यूएल सर्व्हर 2014 आहे.

तापीकाठ: नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्यावर चढत नाही. 2019 ची डेव्हलपर एडिशन टाका, शिकायला फुकट आहे, 10 जीबीची कटकटही नाही.

मुक्काम_हिंजवडी: मिलचा डेटा घरी नेताना मालकाला विचारलं होतं का?

केळीचं_खोड: उद्या विचारतो.