मदत हवी आहे: पावसात दोन-दोन दिवस करंट नसतो, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या जुन्या घराची तयारी कशी करू?

कुळागरवाला:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट लिहिलं की मग बजेट किती, लोड किती असं एकेक विचारलं जातं म्हणून सगळं एकदमच टाकतोय.

आमचं मूळ घर सत्तरीत, वाळपईच्या पुढे, कुळागराला (पोफळी-माडांच्या बागेला) लागून. आई-बाबा तिथेच असतात, दोघंही पंच्याहत्तरीच्या आसपास. मी फोंड्याला. यंदा मिरगापासून (मृग नक्षत्र) चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत आम्ही तिघं पण तिकडेच राहणार आहोत, बायकोचं वर्क फ्रॉम होम आहे, पोरगी लहान आहे. उन्हाळ्यात, थंडीत काहीच प्रॉब्लेम नसतो, पण एकदा जून उजाडला की करंटचं काही खरं नाही. लाईन येते ती रानातून आणि पोफळींमधून, जरा वारं सुटलं की फणसाची फांदी नाहीतर माडाचं झाप तारेवर, वीज कडाडली की एखादा इन्सुलेटर फुटतो आणि मग तो नेमका कुठल्या खांबावर फुटला हे शोधायलाच अख्खी लाईन चालत फिरावी लागते. लाईनमन लोक भर पावसात खांबावर चढतात, त्यांना नावं ठेवायला हा धागा नाहीये. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा तर अर्ध्या गोव्याची हीच कथा होती, पण ते वादळ होतं, आमच्याकडे साध्या जुलैतसुद्धा एक रात्र-एक दिवस सहज जातो, कधी दोन.

आता घराची हालत. कौलारू घर, मातीच्या भिंती. मीटर पडवीत, बोर्ड लाकडी, त्यावर पांढरे चिनीमातीचे कटआऊट. परवा एक ओढून बघितला तर आत फ्यूज वायरच्या जागी तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून घातलेले, आणि बोर्डच्या मागची भिंत हात लावला तर ओलसर. बाबा म्हणतात वीस वर्षं काही झालं नाही. अर्थिंगची तार खाली जाते ती घोसाळ्याच्या वेलात कुठेतरी गडप होते, पुढे काय आहे देवालाच माहीत.

लोड म्हणाल तर तीन पंखे, चार-पाच एलईडी बल्ब, फायबरचा मोडेम, छोटा फ्रिज, टीव्ही, मिक्सर. विहिरीवर १ एचपीचा पंप, टाकी फक्त ५०० लिटरची. रहाटाची कप्पी जागेवर आहे पण दोर कुजलाय. गॅस आहे, मागच्या पडवीत चूलही आहे. आईला इन्सुलिन चालू आहे, म्हणून फ्रिजची खरी काळजी. टीव्ही गेला उडत.

सल्ले दोन टोकांचे मिळालेत. एक दुकानदार म्हणतो छपरावर ३ किलोवॅट सोलर टाका, सबसिडी मिळते, करंट गेला तरी घर चालतच राहील. चुलतभाऊ म्हणतो जनरेटर घे आणि विषय संपव. मला स्वतःला जनरेटरचा आवाज आणि वास दोन्ही नको वाटतं, पण पंपाचं काय हे कळत नाही. बजेट ६०-७० हजार, ओढूनताणून. नेमके पैसे कशावर घालू आणि आधी काय करू? इन्सुलिनबद्दल कुणाला खात्रीची माहिती असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.

---

डिचोलीकर:

सोलरवाल्याला एकच प्रश्न विचारा, सिस्टम ऑन-ग्रिड (नुसतं लाईनला जोडलेलं) आहे की हायब्रिड (बॅटरीवर पण चालणारं)? सबसिडीत लोक बसवतात ते बहुतेक ऑन-ग्रिड असतं आणि ऑन-ग्रिड लाईन गेली की स्वतःहून बंद पडतं, भर उन्हात पण. तसं मुद्दामच केलेलं असतं, नाहीतर तुमच्या छपरावरचा करंट उलटा लाईनमध्ये जाऊन खांबावरच्या माणसाला लागेल. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे ही गोष्ट खरी, बिल कमी करायला उत्तम आहे, पण तुमचा प्रश्न बिलाचा नाहीच. करंट नसताना चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी पाहिजे, तो खर्च तुमच्या बजेटच्या बाहेर. शिवाय आषाढात तुमच्या बाजूला सूर्य दिसतो कधी? सांगे आणि वाळपई म्हणजे गोव्यातला सगळ्यात जास्त पाऊस.

---

जुना वायरमन:

कुळागरवाले भाई, इन्व्हर्टर, सोलर, जनरेटर सगळं बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा तो बोर्ड बदला. चार पदरी तांब्याची तार म्हणजे फ्यूज नव्हेच, घरातली वायर जळेल पण ती तार वितळणार नाही. वीस वर्षं काही झालं नाही ते नशीब, आणि त्या वीस वर्षांत तुमच्या घरात आजच्याइतकं सामानही नसेल. बोर्ड ओल्या भिंतीवरून काढून आतल्या कोरड्या भिंतीवर घ्या, एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) घाला, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) घाला. जुन्या वायरिंगवर आरसीसीबी बसवला की पावसात तो सारखा पडतो आणि मग लोक वैतागून तोच काढून टाकतात, हे मी कित्येक घरांत बघितलंय. तो पडतो कारण कुठेतरी करंट भिंतीत गळतोय. एकेक सर्किट सुटं करून गळती शोधायची, बहुतेक वेळा न्हाणीघराकडची नाहीतर अंगणातल्या दिव्याची वायर निघते.

अर्थिंग नवीन करा. आपल्याकडे जांभा लागतो, त्यात अर्थिंग वरवर लागत नाही, खड्डा खोल पाहिजे आणि काम झाल्यावर मीटर लावून मोजून द्यायला सांगा, नुसतं "झालं" म्हणाला तर पैसे देऊ नका.

अजून एक, वादळात कधी कधी लाईनचा न्यूट्रल तुटतो आणि घरात २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्टेज येतं. बल्ब एकदम पांढरे फटक पेटतात, पंखा गरगरायला लागतो, तसं दिसलं तर विचार न करता मेन बंद. व्होल्टेज वाढलं की आपोआप तोडणारं प्रोटेक्टर मिळतं, ते बोर्डातच बसवून घ्या, फ्रिज आणि मोडेम दोन्ही वाचतात.

जनरेटर घेतलात तर चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाईन नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा स्विच) घराला जोडायचा नाही. दोन्ही बाजूंना पिना असलेली वायर करून सॉकेटमध्ये खुपसणारे महाभाग आहेत. लाईनमन समजतो लाईन मेलेली आहे आणि तुमच्या घरातून त्याच्या हातात करंट जातो. जनरेटर पडवीत पण नको, खिडकीखाली पण नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला स्वतःचा वास नसतो आणि तो झोपेत माणूस मारतो. घरापासून निदान वीस फूट लांब, वर पत्रा, बाजू उघड्या.

---

औषधांच्या दुकानातली:

इन्सुलिनचं सांगते. न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं. पण जे वापरात आहे ते बहुतेक प्रकारचं इन्सुलिन ३० डिग्रीच्या आत, उन्हापासून लांब, साधारण चार आठवडे बाहेर चालतं. ब्रँडप्रमाणे दिवस कमी-जास्त असतात म्हणून तुमच्या आईच्या बॉक्समधला कागद वाचा आणि डॉक्टरांना पण एकदा विचारून घ्या. उघडलं त्या दिवसाची तारीख पेनने त्यावरच लिहून ठेवायची. म्हणजे रोजच्या इन्सुलिनला पावसाळ्यात फारसा धोका नाही, सांभाळायचा तो न उघडलेला साठा, तर तो तीन-तीन महिन्यांचा आणून ठेवूच नका.

फ्रिज सारखा उघडला नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो. त्यापुढे रुंद तोंडाचा थर्मास घ्या, फ्रीझरमधले आईसपॅक रुमालात गुंडाळून आत, आणि इन्सुलिन दुसऱ्या डब्यात घालून मध्ये. बर्फाला थेट टेकवू नका, इन्सुलिन एकदा गोठलं की फेकायचं, परत वितळलं तरी उपयोग नाही. गढूळ झालेलं, गुठळ्या दिसणारं पण वापरायचं नाही. काही इन्सुलिन मुळातच दुधासारखं असतं, तेव्हा आईचं नेहमी कसं दिसतं ते बघून ठेवा.

---

कुळागरवाला:

ताई, फार मोठं ओझं उतरवलंत. एक विचारतो, बाबा म्हणतात ओल्या मडक्यात ठेवलं तर? पूर्वी लोणी तसं ठेवायचे म्हणे.

---

औषधांच्या दुकानातली:

हवा कोरडी असेल तरच उपयोग. मडकं गार होतं ते पाणी उडून जातं म्हणून, आणि जुलैत आपल्या हवेत आधीच इतका दमटपणा असतो की दोरीवरचा टॉवेल तीन दिवस सुकत नाही, तर मडक्याचं पाणी कुठून उडणार.

---

पेडण्याची सून:

सगळे करंटवर बोलतायत, पाण्यावर कोणच नाही! माझ्या सासरी आम्ही १००० लिटरची टाकी उंचावर घातली आणि निम्मी कटकट संपली. तुमच्या ५०० च्या बाजूला अजून एक १००० ची जोडा, पावसाळ्यात नियमच करायचा, करंट आहे तोवर टाकी भरलेली, अर्धी झाली की परत पंप चालू, रिकामी व्हायची वाट बघायची नाही. पाच माणसांना काटकसरीने दोन-तीन दिवस जातात. आणि रहाटाला नवा नायलॉनचा दोर आणि हलकी घागर आजच आणा, पावसात विहिरीचं पाणी इतकं वर येतं की ओढायला कष्टच नाहीत. फक्त पिण्याचं उकळून घ्या, पावसाचं गढूळ पाणी झिरपतं.

किचनमध्ये मिक्सर बंद म्हणजे वाटप (वाटलेला मसाला) बंद. घरात रगडा असेलच, पण पंच्याहत्तरीच्या आईला तो ओढायला लावू नका म्हणजे झालं. आम्ही करंट असताना नारळाचं वाटप दोन दिवसांचं करतो, त्यापेक्षा जास्त नाही. बाकी पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) नीट भरलंत तर फ्रिज कशाला पाहिजे, सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), सोलं (आमसुलं), कुळीथ, फणसाचे पापड, डब्यात हवा जाऊ दिली नाही तर चवथीपर्यंत हलत नाही. लाकडं मात्र मिरगाच्या आधी आत घ्या, भिजलेल्या लाकडावर चूल पेटवणं म्हणजे घरातल्या सगळ्यांना रडवणं.

---

बॅटरीबाबा:

हिशोब देतो. १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॅट-अवर. बॅटरी पूर्ण पिळायची नसते आणि इन्व्हर्टरमध्ये पण काही जातं, म्हणून हातात साधारण १२००. तुमचे तीन साधे पंखे प्रत्येकी ७५, पाच बल्ब ४५, मोडेम १०, म्हणजे २८०, चार तासांत खेळ खलास. तेच पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर एकेक ३० वॅटच्या आसपास, सगळं मिळून १४५, आठ तास. रात्री दोन पंखे आणि दोन बल्ब एवढंच ठेवलं तर बारा तासांच्या वर. म्हणजे दुसऱ्या बॅटरीवर पैसे घालण्याआधी पंखे बदला.

इन्व्हर्टर प्युअर साईनवेव्हच (लाईनसारखाच सुरळीत करंट देणारा) घ्या, स्क्वेअरवेव्हवर पंखा गुणगुणतो आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर तापतो. फ्रिज इन्व्हर्टरवर सतत नको, गरज पडली तर सकाळ-संध्याकाळ एकेक तास.

आता दुकानदार सांगत नाही ती गोष्ट. रिकामी झालेली १५० एएच बॅटरी परत भरायला दहा-बारा तास लागतात. गावात करंट दोन तास येतो आणि परत जातो, म्हणजे दुसऱ्या रात्री बॅटरी अर्धीसुद्धा नसते आणि लोक म्हणतात बॅटरी खराब दिली. त्यामुळे दोन दिवसांचा विचार असेल तर पहिल्या तासापासूनच कंजूसपणा करायचा. पंप इन्व्हर्टरवर विसरा, १ एचपी चालू होताना तीन-चार पट करंट ओढतो.

बॅटरी हवेशीर जागी ठेवा. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, देवघराच्या समईखाली किंवा बंद कपाटात नको. पाणी डिस्टिल्डच.

मोडेमला वेगळा छोटा डीसी यूपीएस (आत बॅटरी असलेला डबा) घ्या, स्वस्तात येतो, तीन-चार तास काढतो. मोबाईल टॉवरची बॅटरी पण काही तासांनी बसते, फायबर मात्र बऱ्याचदा चालू राहतं, तेव्हा फोनमध्ये वायफाय कॉलिंग आत्ताच ऑन करून ठेवा. सेलवरचा एक रेडिओ पण असू दे, आकाशवाणी पणजीला टॉवर लागत नाही.

---

कुळागरवाला:

मंडळी, वहीत उतरवून घेतलं सगळं. तर आता असं ठरवतोय: आधी बोर्ड आणि अर्थिंग, मग १००० ची टाकी आणि दोर, मग एक साईनवेव्ह इन्व्हर्टर १५० एएचसकट, तीन बीएलडीसी पंखे, मोडेमचा यूपीएस, थर्मास. जमेल असं वाटतंय बजेटमध्ये, वायरिंगवाला काय आकडा सांगतो त्यावर आहे. सोलरला यंदा रामराम. बाबांना बोर्ड बदलायला तयार करणं हेच सगळ्यात कठीण काम आहे.

दोन शंका. एक, मागच्या बाजूला फणसाची एक मोठी फांदी आमच्याच सर्व्हिस वायरवर (खांबावरून घरात येते ती) झुकलीय, ती गडी लावून तोडली तर चालेल का? दोन, चवथीला घरात वीस-पंचवीस माणसं, तेव्हा दोन्ही टाक्यांचं पाणी पुरणार नाही आणि नेमका तेव्हाच करंट गेला तर?

---

जुना वायरमन:

फांदीला गड्याने हात लावायचा नाही, ओली फांदी आणि चालू तार, माणूस जातो. वीज तक्रारीच्या १९१२ नंबरला फोन करून तक्रार नंबर घ्या, लाईन बंद करून मगच तोडायची. अख्खं झाड काढायचं असेल तर वन खात्याची परवानगी लागते, १९८४ चा कायदा आहे, पण फांदीने काम होतंय तर झाड कशाला. आणि पावसात शेतात किंवा वाटेवर तार पडलेली दिसली तर ती मेलेलीच आहे असं समजून कोणी जवळ जाऊ नये, गुरांना पण लांब ठेवा, ओल्या जमिनीतून करंट येतो.

---

पेडण्याची सून:

चवथीसाठी जनरेटर विकत कशाला, आमच्या वाड्यावर तीन घरांनी मिळून एक ३ केव्हीएचा ठेवलाय. करंट गेला की तासभर एका घराच्या विहिरीवर, मग पुढच्या. टाकी भरली की झालं, दिवसभर घरघर नाही. तुमच्या शेजाऱ्यांना विचारून बघा, पण पेट्रोल कोणी घालायचं हे आधी ठरवा, आमच्याकडे भांडण तिथेच होतं.

---

कुळागरवाला:

शेजारी म्हणजे काकाच, आणि चुलतभावाला तर जनरेटर हवाच आहे! रविवारी विचारतो. चेंजओव्हर मग दोन्ही घरांत लागेल ना, की पंपाला वेगळी लाईन काढून एकच पुरेल?

---

जुना वायरमन:

पंपापुरताच वापरणार असाल तर पंपाच्या स्टार्टरजवळ एक चेंजओव्हर, प्रत्येक विहिरीवर आपापला. घराच्या वायरिंगला जनरेटर लावायचाच नाही. स्विच पावसात भिजणार नाही अशा पेटीत, आणि जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर.